टाकं, तळ, मुक्काम

एप्रिलमधली रात्र. दुसरी पाळी संपवून म्हाळुंग्याहून घरी निघालो होतो. तळेगाव–चाकण रस्त्याच्या कडेला नेहमीसारखी मालमोटारींची रांग होती. नव्या कोऱ्या मोटारी पोटात घेऊन जाणारे लांबलचक कंटेनर, माल उतरवून परतीचं भाडं शोधणारे ट्रक, गेटपास सकाळी मिळेल म्हणून थांबलेल्या गाड्या. एका ड्रायव्हरनं हात केला. दुसऱ्या हातात वीस लिटरचा रिकामा कॅन होता. त्यानं दोनच गोष्टी विचारल्या. पाणी कुठे मिळेल? आणि सकाळपर्यंत गाडी लावायला, कुणी येऊन उठवणार नाही अशी जागा कुठे आहे?

मी म्हटलं, पुढच्या धाब्यामागे टाकी आहे. त्याचा चेहरा उजळला. ‘टांका?’ त्यानं विचारलं. तो बाडमेरचा. त्याच्या घरच्या अंगणात टांका आहे. जमिनीत खोल बांधलेला, वरून झाकलेला, पावसाचे चार शिंतोडे आले तरी ते आत वळवून वर्षभर पुरवायचा हौद. इथे मात्र त्याला लोखंडी मांडणीवर ठेवलेली काळी प्लॅस्टिकची टाकी मिळणार होती, पण शब्द ऐकून त्याला घरचं काहीतरी सापडलं होतं. थरच्या वाळवंटातला माणूस आणि भीमा खोऱ्यातला मी, आमच्या दोघांत एवढा एक शब्द सामाईक निघाला. तो डोक्यात घेऊनच मी घरी आलो, आणि त्या रात्री कोश उघडून बसलो.

पाणी कुठे आणि पाठ टेकायची कुठे, हे वाटेवरच्या माणसाचे सगळ्यांत जुने प्रश्न. त्यांच्या उत्तरांचे शब्द मराठीत इतके साठले आहेत की आपण ते रोज बोलतो आणि ते प्रवासातले आहेत हे आपल्या लक्षातही येत नाही.

टाक्याचंच घ्या. सह्याद्रीत हिंडणाऱ्याला टाकं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. गडावर पोहोचल्यावर पहिली चौकशी त्याचीच असते: टाक्यात पाणी आहे का, आणि असलं तर पिण्याजोगं आहे का. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट मोठा हट्टी दगड. पाणी मुरतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात. अखंड कातळातून मात्र ते झिरपत नाही. म्हणून त्याच कातळात चौकोन खोदला, त्याच्याकडे पन्हळी वळवली, की पावसाचं पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकतं. डोंगरमाथ्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो, तिथे टाकंच हवं. ज्या छिन्नीनं ते खोदलं जातं तिचंही नाव टाकी, संस्कृत ‘टंक’ म्हणजे दगड फोडायचं हत्यार, त्यावरून आलेलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असं आपण म्हणतो ती हीच टाकी. खोदायचं हत्यार आणि खोदून झालेली जागा, दोन्हींचं नाव एकाच घरातलं असावं असं मला फार वाटतं. पाथरवटाच्या कामाकडे पाहिलं की ते पटतं. ‘टांका’ आणि ‘टाकं’ यांची सख्खी बहीण म्हणजे गुजरातीतलं ‘टांकू’.

हा शब्द पुढे समुद्र ओलांडून गेला. इंग्रजीतल्या ‘टँक’चं मूळ सांगताना कोशकार गुजराती-मराठीकडे बोट दाखवतात आणि सोबत पोर्तुगीज ‘तांके’ही मांडतात. पश्चिम किनाऱ्यावर या दोन शब्दांची गाठ पडली आणि ते एकमेकांत मिसळले. नंतर १९१५ साली पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी लोखंडी चिलखताची नवी युद्धगाडी बनवायला घेतली. गुप्तता राखण्यासाठी कारखान्यातल्या कामगारांना सांगितलं गेलं की या पाण्याच्या टाक्या आहेत. ते नाव चिकटलं ते कायमचंच. आपण त्याला ‘रणगाडा’ हा चांगला शब्द केला, अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालयही आहे, पण जगभर त्या यंत्राच्या नावात अजून पाणी आहे. आणि शेवटी तोच शब्द ‘टँकर’ होऊन वाकड-पुनावळे-मोशीच्या सोसायट्यांच्या दारात येऊन उभा राहिला. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून नळाला दिवसाआड पाणी येतं. उन्हाळ्यात सोसायटीच्या गटावर सकाळी पहिला निरोप ‘टँकर आला का?’ हाच असतो. कातळातल्या टाक्याला चाकं लागली, एवढाच फरक.

टाक्याच्याही आधी या भागात दुसरा एक शब्द होता. चिंचवडहून लोणावळा लोकल पकडली की मळवलीला उतरून भाज्याची लेणी गाठता येतात. तिथल्या एका पाण्याच्या टाक्यावर ब्राह्मी लिपीत छोटासा लेख आहे. कोसिकीचा मुलगा विण्हुदत नावाचा महारठी, त्यानं दिलेलं हे दान, एवढाच त्याचा आशय. दान कशाचं, तर ‘पोढी’चं. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. जुन्नरच्या आणि कान्हेरीच्या लेण्यांतही हाच शब्द भेटतो, कान्हेरीला तर ‘पानीयपोढी’ असा जोडूनही. बोरघाटातून देशावर चढणारे व्यापारी, भिक्खू, बैलांचे तांडे यांच्यासाठी वाटेवर लेणं कोरायचं आणि लेण्याशेजारी पोढी कोरायची, ही तेव्हाची रीत. निवारा आणि पाणी यांचं दान एकत्र. त्या दात्यानं गुहा नाही, मूर्ती नाही, फक्त टाकं दिलं आणि त्यावर स्वतःचं नाव घातलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पोढी हा शब्द मात्र आपल्या बोलण्यातून पार गेला. तो वाचायला आता लेण्यातच जावं लागतं, टाकं मात्र बहुतेक ठिकाणी अजून भरलेलं असतं.

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातही वाटेवर अशी टाकी आहेत, सातवाहनांच्या काळातल्या त्या वाटेवर आजही भटके त्यांतलं पाणी पितात. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत अशी आख्यायिका आहे. लहानपणी मला तो रांजण पाण्याचाच वाटला होता, कारण रांजणात पाण्याखेरीज दुसरं काही असू शकतं हे आमच्या घरी कुणी पाहिलेलं नव्हतं.

आता खुद्द ‘पाणी’. हा शब्द संस्कृत ‘पानीय’पासून आला. ‘पा’ म्हणजे पिणे, म्हणून पानीय म्हणजे पिण्याजोगं. उदक, जल, अंबु असे पाण्याचे कितीतरी शब्द संस्कृतात होते. रोजच्या बोलण्यात टिकला तो पिण्याशी बांधलेला. म्हणजे मराठी माणूस ज्याला सहज पाणी म्हणतो, त्याच्या नावातच ते पिता येईल असं आश्वासन आहे. या अर्थानं टँकरवर रंगवलेलं ‘पिण्याचे पाणी’ ही द्विरुक्ती ठरते. पण ती द्विरुक्ती आज लागते, कारण इंद्रायणीच्या पात्रावर आळंदीजवळ पांढरा फेस तरंगतो तेव्हा त्या पाण्याला ‘पानीय’ म्हणायची हिंमत होत नाही. ज्या नदीकाठी तुकोबा आणि ज्ञानोबा होऊन गेले तिच्याबद्दल हे लिहिताना हात जड होतो.

पाणपोईत हेच पाणी आहे, पण तिची दुसरी अर्धी बाजू अधिक जुनी आहे. ‘पोई’ म्हणजे संस्कृत ‘प्रपा’, वाटसरूंना पाणी देण्याची जागा. प्राकृतात तिची ‘पवा’ झाली. दीपाचा दिवा झाला, वापीची बाव झाली, त्याच वाटेनं प चा व झाला. आणि लवणाचं लोण होतं, नवनीताचं लोणी होतं, तसं ‘पव’चं ‘पो’ झालं. प्रपेचा अर्थ विसरला, म्हणून पुढे ‘पाणी’ जोडून घ्यावं लागलं. हिंदीत तिला प्याऊ म्हणतात, गुजरातीत परब. ‘प्रपा’ हा शब्द ऋग्वेदात आला आहे, आणि तोही वाळवंटाच्या संदर्भात. दहाव्या मंडळाच्या चौथ्या सूक्तात अग्नीची स्तुती करताना ऋषी त्याला धन्वातल्या, म्हणजे निर्जळ मरुभूमीतल्या, प्रपेची उपमा देतो. देवाला द्यायच्या उपमांत आगीच्या देवाला पाण्याची जागा म्हणावंसं वाटलं, यावरून त्या लोकांनी किती कोरड्या वाटा तुडवल्या असतील ते कळतं. चापेकर चौकात उन्हाळ्यात एखादं मंडळ ओल्या लाल फडक्यात गुंडाळलेले माठ मांडतं, तेव्हा त्या पाटीवर ‘पाणपोई’ म्हणून लिहिलेला शब्द वेदातल्या वाळवंटातून इथवर चालत आला आहे.

माझी आत्या खेड तालुक्यातली. तिच्या घरासमोर चिंचेखाली रांजण असायचा. चैत्र लागला की ती तो घासून, धुऊन, वाळूच्या बैठकीवर बसवायची. एस.टी. चुकलेला माणूस, मेंढरं घेऊन चाललेला धनगर, शाळेतून येणारी पोरं, सगळ्यांसाठी. त्याला ती पाणपोई म्हणत नसे. ‘वाटंचं पाणी’ म्हणे. ते दुपारनंतर संपलं तर तिला चैन पडत नसे, घरातला हंडा आणून ती त्यात ओती.

जिथे पाणी समोर दिसत नाही तिथे ते शोधावं लागतं. त्या शोधणाऱ्यासाठी मराठीनं एक सुरेख शब्द घडवला: पाणाड्या. वाट दाखवणारा तो वाटाड्या, पाणी दाखवणारा तो पाणाड्या. एकाच साच्यातून काढलेले हे दोन शब्द शेजारी ठेवले की अनोळखी मुलखात उतरणाऱ्याला कोणती दोन माणसं लागत असतील ते लगेच समजतं. पाणाड्या हातात फाटा फुटलेली काठी किंवा तळहातावर नारळ घेऊन शेतात चालतो आणि ‘इथं लागंल’ म्हणतो. मराठीत पाणी ‘लागतं’, हेही लक्षात घेण्याजोगं आहे. ठेच लागावी, ओढ लागावी, तसं विहिरीला पाणी लागतं. काठीच्या वळण्याला शास्त्राचा आधार नाही. बेसॉल्टमध्ये भेगा कुठे आहेत हे काठी सांगू शकत नाही. पण पाणाड्या काठीकडे जेवढं पाहतो तेवढंच आजूबाजूच्या झाडांकडे, उताराकडे, वारुळांकडेही पाहतो, आणि ते पाहणं फार जुनं आहे.

सहाव्या शतकात वराहमिहिरानं ‘बृहत्संहिता’ लिहिली. तिच्यात भूमिगत पाणी शोधण्यावर एक आख्खा अध्याय आहे. त्याचं नाव ‘दकार्गल’. दक म्हणजे उदक आणि अर्गल म्हणजे अडसर. जमिनीनं पाण्यावर घातलेला अडसर कसा काढायचा, असा त्या नावाचा भाव मी घेतो. कोणत्या झाडाच्या कोणत्या दिशेला, किती हातांवर, किती खोल पाणी असेल याची त्यात यादीच आहे, आणि कोरड्या मरुप्रदेशासाठी वेगळे नियम आहेत. उंबराबद्दल तो सांगतो की झाडाच्या पश्चिमेला तीन हातांवर, अडीच पुरुष खोल गोडं पाणी असतं. यातला ‘पुरुष’ म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. हे माप मराठीत जिवंत राहिलं. आमच्याकडे विहिरीची खोली फुटांत सांगणं अलीकडचं. आधी ती ‘परसां’त सांगत. सहा परस, आठ परस. पुरुषाचा परस झाला आणि विहिरीत उतरला. घरामागच्या परसाशी त्याचा काही संबंध नाही, फक्त उच्चार जुळला.

उंबराचं नाव घेतलं की मला तळेगावजवळचं नवलाख उंबरे आठवतं. आता तिथे औद्योगिक वसाहत आहे. आणि एकदा या नजरेनं पाहायला लागलं की सगळा पट्टाच झाडं आणि पाणी यांच्या नावांनी भरलेला दिसतो. पिंपरीत पिंपळाच्या कुळातलं झाड, तसंच पिंपळे गुरव, पिंपळे निलख, पिंपळे सौदागर यांत पिंपळ. चिंचवडमध्ये चिंच आणि वड. चिखलीत चिखल, म्हणजे ओल टिकवून धरणारी जमीन. तळेगावात तळं. ही नावं ठेवणाऱ्यांनी वाटसरूला लागेल तेवढंच सांगितलं: इथे सावली आहे, इथे ओल आहे, इथे बैल सोडता येतील. गावाचं नाव म्हणजे लांबून येणाऱ्याला दिलेला निरोप होता. आज चाकणच्या वसाहतीत पत्ता विचारला तर फेज, ब्लॉक आणि प्लॉट नंबर सांगतात. आकडा गेटपर्यंत नेतो हे खरं, पण त्या जागी काय होतं, काय मिळेल, हे तो सांगत नाही.

नावाच्या जागी आकडा आला की काय होतं याचं एक उदाहरण दूरच्या वाळवंटातलं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात हॉल्स क्रीक ते विलुना अशी सुमारे १८५० किलोमीटरची गुरांची वाट आहे. आल्फ्रेड कॅनिंग यानं १९०६-०७ मध्ये तिची पाहणी केली आणि १९१० पर्यंत तिच्यावर पन्नासेक विहिरी खोदून घेतल्या. पाणी कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. वाळवंटातल्या आदिवासींना ठाऊक होतं. त्याच्या माणसांनी त्यांना पकडून साखळ्यांनी बांधलं, तहान लागावी म्हणून खारवलेलं मांस खायला घातलं, आणि ते पाण्याकडे वळले की मागोमाग गेले. यावर १९०८ साली चौकशी आयोगही बसला. ज्या जागांना पिढ्यान्‌पिढ्यांची नावं होती त्यांच्या विहिरींना क्रमांक पडले. कुनावारिट्जी नावाच्या जागी नकाशावर ‘विहीर ३३’ आली. आपल्या टाक्यासारखेच तिथेही खडकातले पाण्याचे खळगे असतात. ते लोक त्यावर दगड, फांद्या ठेवून झाकून ठेवत, म्हणजे पाणी उडून जाऊ नये आणि जनावरानं नासवू नये. त्या खळग्यांसाठीचा ‘ग्नामा’ हा शब्द पुढे ऑस्ट्रेलियन इंग्रजीनंही उचलला. शब्द राहिला, पण ज्यांचा तो शब्द होता त्यांचं पाणी हिसकावलं गेलं. त्या साखळ्यांबद्दल वाचल्यापासून ‘वाटाड्या’ हा शब्द मला पूर्वीइतका साधा वाटत नाही.

पाणी सापडलं की पाठोपाठ मुक्काम येतो. हा शब्द अरबी ‘मकाम’. ‘उभं राहणं’ या अर्थाच्या धातूपासून, म्हणजे उभं राहण्याची जागा. फारसीतून तो मराठीत आला, क दुप्पट झाला, आणि पाकिटांवरच्या ‘मु. पो. चाकण’मध्ये जाऊन बसला. चाकणमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याचाही पत्ता असा ‘मुक्कामा’नं सुरू होतो. याच धातूपासून अरबीत ‘काइम’ झाला, तो आपला ‘कायम’. कारखान्यांच्या या पट्ट्यात ‘कायम’ या शब्दाला जेवढं वजन आहे तेवढं क्वचितच दुसऱ्या शब्दाला असेल. गेटवर दोन रांगा असतात, कायम आणि कंत्राटी. कायम झालेला पोरगा घरचं लग्न ठरवतो, कर्ज घेतो. कंत्राटी पोरगा खोली बदलत राहतो. एका मुळापासून निघालेले दोन शब्द, एकाचा अर्थ न हलणारा आणि दुसऱ्याचा एका रात्रीचा थांबा. मी दोन्ही रांगांत उभा राहिलो आहे, म्हणून मला हे सोयरेपण फार जवळून लागतं.

मजल हा मुक्कामाचा जोडीदार. दोन मुक्कामांमधलं अंतर ती मजल. मजल दरमजल करत फौजा जात. अरबी ‘मंझिल’चा धातू आहे ‘नझल’, उतरणं. जनावराच्या पाठीवरून जिथे उतरायचं ती मंझिल. मराठी मनानंही हेच केलं आहे. पाहुण्याला आपण विचारतो, ‘कुठे उतरलात?’ आणि प्रवाशाला म्हणतो ‘उतारू’. दोन वेगळ्या भाषांना राहणं आणि उतरणं एकच वाटलं. या ‘मंझिल’चाच दुसरा मराठी अवतार ‘मजला’. हिंजवडी-वाकडच्या रस्त्यानं बावीस मजली मनोरे उभे राहताना पाहिले की मला ही व्युत्पत्ती आठवते. बैलगाडीच्या मजला आडव्या होत्या, एकापुढे एक. या उभ्या आहेत, एकावर एक. आणि वरच्या मजल्यापर्यंत पाणी चढवायला पंप लागतो.

‘तळ’ हा शब्द मला या सगळ्यांत आवडता, कारण तो सर्वांत साधा आहे. संस्कृत ‘तल’, म्हणजे पृष्ठभाग, सपाटी, बूड. जमिनीवर पसरायचं, मेखा ठोकायच्या, तळ द्यायचा. १६६० मध्ये शाइस्तेखानानं चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला तेव्हा त्याच्या प्रचंड फौजेचा तळ याच पठारावर पडला होता, ऐन पावसाळ्यात. किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यानं किल्ला पंचावन्नहून अधिक दिवस लढवला. एवढासा भुईकोट आणि त्याभोवती चिखलात रुतलेला मोगली तळ, हे चित्र चाकणच्या बाजारपेठेतून जाताना आठवल्याशिवाय राहत नाही. आज तोच शब्द लष्करी तळात आहे, विमानतळात आहे, आणि महापालिकेच्या निळ्या पाट्यांवर ‘वाहनतळ’ होऊन आहे. ‘पार्किंग’ला कुणीतरी वाहनतळ म्हटलं त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. घोडे-उंट गेले, पण तळ ठोकायची क्रिया तीच आहे हे त्या माणसानं ओळखलं होतं. तळ आणि तळं ही भावंडं दिसतात, तळ्याकाठी तळ पडतही असेल, पण कोशात त्यांची घरं निराळी. तळं आलं ‘तडाग’पासून. बोलण्यात मात्र ती दोघं शेजारी राहतात.

‘वस्ती’चा प्रवास उलटा झाला. ‘वसति’ म्हणजे मुळात राहणं, विशेषतः रात्र काढणं. आमच्याकडे अजूनही म्हणतात, ‘उशीर झालाय, वस्तीला राहा.’ संध्याकाळी गावात येऊन पहाटे परत निघणारी ती वस्तीची एस.टी. तो एका रात्रीचा अर्थ तिथे अजून ताजा आहे. बाकी ठिकाणी वस्ती थांबली ती थांबलीच. आधी शेतावरची चार घरं, मग वाडी, मग नगर, मग औद्योगिक ‘वसाहत’. सैन्याच्या मुक्कामाचंही तसंच. ‘छावणी’ म्हणजे छावून, आच्छादून केलेला तात्पुरता निवारा. ‘कटक’ म्हणजे लष्कराचा तळ. देहूरोड आणि खडकीच्या कटक मंडळांच्या हद्दीत आता पिढ्यांची पक्की घरं आहेत.

हे सगळे शब्द वर्षातून एकदा आपल्या मूळ अर्थानं जागे होतात ते ज्येष्ठात. देहूहून तुकोबांची पालखी निघते आणि एक मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात करते. हा सोहळा १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी सुरू केला. आळंदीच्या माउलींच्या पालखीला आजचं शिस्तबद्ध रूप हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ मध्ये दिलं. त्या आठवड्यात जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर कुणी ‘हॉल्ट’ म्हणत नाही. विसावा, मुक्काम, तळ, मजल, राहुटी, पाल, हेच शब्द चालतात. ‘विसावा’ म्हणजे ‘विश्राम’च, प्राकृतात झिजून मऊ झालेला, आणि मला तो मूळ शब्दापेक्षा अधिक विसावा देणारा वाटतो. दिंडीचा माणूस गावातल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतो तो पाण्याचा. कंपन्यांच्या कॉलन्या, सोसायट्या, गॅरेजवाले, सगळे दारात पिंप भरून ठेवतात. दिंड्यांबरोबर पाण्याचे टँकरही चालतात. ‘बारा गावचं पाणी प्यालेला’ ही म्हण आपण आता बेरकी माणसाबद्दल वापरतो. वारीत ती अक्षरशः खरी असते. आणि मुक्काम हलतो तेव्हा आवरायचं असतं ते चंबूगबाळं, म्हणजे पाण्याचा चंबू आणि कपड्यांचं गाठोडं. संसारातलं जे सोडून चालणार नाही तेवढंच त्या जोडशब्दात आहे, आणि चंबू आधी आहे.

पाणी वाहून नेणाऱ्याचीही नावं होती. पखाल, म्हणजे कातडी पिशवी, आणि ती पाठीवर घेऊन येणारा भिस्ती. भिस्ती हा फारसी ‘बिहिश्त’पासून, बिहिश्त म्हणजे स्वर्ग. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गीय. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, या म्हणीत हल्या आणि पखाल अजून आहेत, पण भिस्ती गेला. टँकरवाल्याला मराठीनं अजून असं नाव दिलेलं नाही. रात्री दोनला येऊन, पाइप खांद्यावर घेऊन टाकी भरून देणाऱ्या माणसाला नाव मिळायला हवं असं मला वाटतं.

त्या बाडमेरच्या ड्रायव्हरची गाठ दोन आठवड्यांनी पुन्हा पडली, त्याच रस्त्यावर. ट्रकच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून तो बाजरीच्या रोट्या थापत होता. कॅन भरलेला होता. मी शेजारी टेकलो. त्यानं मोबाइल काढून नकाशा दाखवला. गुजरातपासून इथपर्यंतच्या वाटेवर त्यानं स्वतः खुणा ठोकल्या होत्या, जिथे पाणी मिळतं आणि गाडी लावू देतात त्या जागांच्या. प्रत्येक खुणेला नाव होतं. दोन कडुनिंब. हनुमानाचा नळ. पिवळं गेट. बंद पंपाची विहीर. म्हातारीचा धाबा. एकाही जागेला त्यानं आकडा दिला नव्हता.

म्हाळुंग्याच्या या जागेला अजून नाव नव्हतं. काय म्हणतात हिला, त्यानं मला विचारलं. मला प्लॉट नंबर माहीत होता, तो मी सांगितला नाही. इकडेतिकडे पाहिलं. कारखान्याच्या कुंपणभिंतीच्या फटीतून हातभर उंचीचं एक रोप बाहेर आलं होतं, त्याची पानं ट्रकच्या दिव्याच्या उजेडात ओळखू आली. मी म्हटलं, उंबर. त्यानं जवळ जाऊन पान चुरगळून पाहिलं, मान हलवली, आणि आपल्या बोलीतलं नाव लिहिलं: गूलर.